आजारपणातील आपला शब्द : सह्या कोणाच्या आणि कोणासमोर?



शेताचा बांध हातभर सरकला, तर आपण तहसील कचेरीच्या चार खेपा घालतो. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, सारे कसे कागदावर असावे, याची आपल्याला मोठी काळजी. पण ज्या देहाने ती जमीन कसली, त्या देहाचे शेवटच्या आजारपणात काय करावे, हे मात्र आपण कुठे लिहून ठेवीत नाही. 'पोरं बघतील काय ते,' असे म्हणून मोकळे होतो. पोरे बघतात, नाही असे नाही. पण काय बघावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

समजा, खोपोलीजवळच्या एका गावात पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. थोरला मुलगा खोपोलीच्या कारखान्यात, धाकटा पुण्याला, मुलगी कर्जतला दिलेली. भाताच्या झोडणीच्या दिवसांत म्हाताऱ्यांना पक्षाघाताचा मोठा झटका येतो. पनवेलच्या बाजूला मोठ्या रुग्णालयात नेतात. श्वास यंत्रावर, अन्न नळीने. तीन आठवडे जातात. डॉक्टर सांगतात, आता मेंदू सावरण्याची आशा नाही. थोरला म्हणतो, "बाबा मला कितीदा म्हणाले, मला नळ्या लावून ठेवू नका." धाकटा म्हणतो, "मला कधीच नाही म्हणाले. मी यंत्र काढू देणार नाही." बहीण दोघांच्या मध्ये उभी राहून रडते. तिघांचीही बापावर माया आहे, आणि तरी तिघांची तोंडे तीन दिशांना. ज्याचा शब्द शेवटचा मानायचा, तो बोलू शकत नाही. मग डॉक्टर विचारतात, "यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला?"

हा प्रश्न येण्यापूर्वीच त्याचे उत्तर कागदावर ठेवण्याची सोय आता आपल्या देशात झालेली आहे. त्या कागदाला वैद्यकीय इच्छापत्र म्हणावे. शहरात लोक त्याला 'लिव्हिंग विल' म्हणतात. तो कागद कसा करायचा, त्यावर सह्या कोणाच्या आणि कोणासमोर लागतात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, हा कागद म्हणजे काय नव्हे, ते पाहू.

हे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर अंमलात येते. घरदार, दागदागिना कोणाला, हे ते सांगते. माणूस जिवंत असून बेशुद्ध आहे, अशा वेळी त्याचा उपयोग नाही. हे मुखत्यारपत्रही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे नेमकी गरज पडावी, त्याच दिवशी ते निकामी होते. म्हणून 'माझ्याकडे बाबांचे मुखत्यारपत्र आहे' असे सांगून रुग्णालयात भागत नाही. आणि हा जीव देण्याचा कागद तर मुळीच नव्हे. सुई टोचून मरण आणणे आपल्या देशात आजही बेकायदेशीर आहे. जे उपचार आता बरे करू शकत नाहीत, केवळ मरण लांबवितात, ते सुरू करू नका किंवा थांबवा, एवढेच या कागदाने सांगता येते. वेदना कमी करणारे औषध, अंग पुसणे, तोंड ओले करणे, ही सेवा तर चालूच राहते.

हा अधिकार आला कोठून? त्याची कहाणी आपल्या मुंबईतच सुरू होते. के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाच्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा घरच्या माणसासारखी केली.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाताईंच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की त्यांना असे जगवत ठेवू नये. रुग्णालयाच्या लोकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. त्यात एक मोठा प्रश्न हाच होता, की या बाईंच्या वतीने बोलणार कोण? ज्याला कायदा 'वादमित्र' म्हणतो, तो कोण? न्यायालयाने सांगितले, की इतकी वर्षे ज्यांनी सेवा केली ते रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांचे खरे वादमित्र. आणि त्यांची इच्छा अरुणाताई जगाव्यात अशी आहे. अर्ज फेटाळला गेला. परंतु त्याच निकालाने, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन काही प्रसंगी असे उपचार थांबविता येतील, हा दरवाजाही किलकिला केला.

यात आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट ध्यानात घ्यावी. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंचविशीतील मुलगी असला कागद कशाला करून ठेवील? म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला, दुसऱ्या कोणाचे मत धरावे, हे ठरवीत बसावे लागले.

पुढे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो, आणि सज्ञान माणसाला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते, असे त्यात ठरले. मात्र तेव्हा अट अवघड होती. त्या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. खोपोलीच्या माणसाने त्यासाठी खालापूरच्या न्यायालयात जावे, कर्जतच्याने कर्जतच्या न्यायालयात, आणि एक प्रत तिथून अलिबागच्या जिल्हा न्यायालयात जावी, असा तो प्रकार. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयाच्या नजरेस आणले, की एवढे सोपस्कार कोणाच्याने होत नाहीत. तेव्हा २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम सुटसुटीत केले. आज लागू आहेत ते हेच नियम. जुना कागद किंवा जुने पुस्तक हाती घेऊन कोणी 'न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आणा' म्हणाले, तर ही तारीख त्यांना सांगावी.

आता नियम एकेक करून पाहू.

पहिला : कागद कोण करू शकतो? अठरा वर्षे पूर्ण झालेला, शुद्धीवर आणि समजुतीने बोलणारा कोणीही. तो आजारीच असावा, असे नाही. किंबहुना धडधाकट असतानाच करणे बरे. आपल्या खोपोलीच्या डोक्यावर बोरघाट आणि द्रुतगती मार्ग आहे. कोणत्या वयात कोणावर काय प्रसंग येईल, हे तिथल्या अपघातांनी आपल्याला पुरेसे शिकविले आहे. कागद मात्र स्वखुशीने केलेला पाहिजे. मुलांनी आग्रह केला, सुनेने टोचून बोलून करविला, असा कागद कायद्याला मान्य नाही.

दुसरा : कागद लेखी पाहिजे आणि स्पष्ट पाहिजे. 'मला त्रास देऊ नका' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे सांगावे. संदिग्ध कागद डॉक्टरांचे मंडळ अंमलात आणीत नाही. त्यात आणखी दोन वाक्ये हवीत : हा कागद मी केव्हाही रद्द करू शकतो, आणि याचे परिणाम मला समजलेले आहेत. ठरावीक छापील नमुना न्यायालयाने दिलेला नाही. स्टँप-पेपरची अटही निकालात नाही. मराठीत लिहिला तरी चालतो.

तिसरा : आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव. हा या कागदाचा कणा होय. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू, तेव्हा उपचार नाकारण्यास किंवा थांबविण्यास संमती कोणी द्यावी, त्या पालकाचे किंवा जवळच्या नातलगाचे नाव त्यात लिहावयाचे. २०२३ पासून एकापेक्षा अधिक नावे देता येतात. परंतु अधिकार मिळाला म्हणून त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने वागावयाचे नाही. कागदात जे लिहिले आहे, त्याला धरूनच त्याने संमती द्यावयाची. म्हणून ज्याला विचारले तर हात थरथरणार नाही आणि ज्याला भावंडे मान देतात, असे माणूस निवडावे. थोरला म्हणून थोरल्याचेच नाव घालावे, असा नियम नाही. कर्जतला दिलेल्या मुलीचे नावही घालता येते.

चौथा : सही. कागद करणाऱ्याने दोन साक्षीदारांच्या देखत सही करावयाची. 'देखत' हा शब्द महत्त्वाचा. घरून सही करून आणलेला कागद साक्षीदारांपुढे सरकवू नये.

इथे वाडीवरचे कोणी विचारील, "मला सही येत नाही, मग?" आपल्या तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर अशी पुष्कळ वडीलधारी मंडळी आहेत. घाबरण्याचे कारण नाही. ज्याला नाव लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत सही म्हणजे खूणही, अशी व्याख्या १८९७ सालच्या केंद्रीय कायद्यातच आहे. अंगठा उठवावा. मात्र अशा वेळी कागद त्याला त्याच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावा, समजला का ते विचारावे, आणि 'वाचून दाखविला, समजला, मग अंगठा केला' असे खाली लिहावे. न वाचता अंगठा घेण्याची खोड आपल्याकडे सावकाराच्या काळापासूनची आहे. ती या कागदाला तरी लागू नये.

पाचवा : साक्षीदार. दोन पाहिजेत, आणि ते शक्यतो तिऱ्हाईत असावेत, असे निकालात म्हटले आहे. नातलग अजिबात नको, असे शब्द नाहीत. पण ज्याचे नाव कागदात आहे किंवा ज्याला जमीन मिळायची आहे, तो साक्षीदार नसलेला बरा. उद्या कोणी संशयाचे बोट दाखवू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमच्याशी दोन शब्द. गावात कागद म्हटला की लोक तुमच्याकडे येतात. 'गुरुजी, तेवढी सही करा,' म्हणतात. या कागदावर साक्षीदाराची सही म्हणजे नुसती हजेरी नव्हे. हा माणूस स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली किंवा आमिषाला बळी न पडता आणि सर्व समजून सही करीत आहे, याबद्दल आपली खात्री झाली, हे साक्षीदाराने नमूद करावयाचे असते. तेव्हा सही करण्यापूर्वी मुलासुनेला क्षणभर बाहेर पाठवावे आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारावे, "आजोबा, हे तुमच्या मनातलं आहे ना?" उत्तर अडखळत आले, तर सही करू नये. आज नाही म्हणण्याने वाईटपणा येईल, पण उद्याचे पाप टळेल.

सहावा : साक्षांकन. हा कागद नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यावयाचा. दोहोंपैकी एक पुरे. नोटरी बहुधा न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आसपास सापडतात. तहसीलदार हे राजपत्रित अधिकारी असतात. सरपंचांचा शिक्का किंवा जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का या कामी चालत नाही. ते राजपत्रित अधिकारी नव्हेत. साक्षांकन करणाऱ्यानेही, कागद स्वखुशीने व समजून केलेला आहे, अशी खात्री नोंदवावयाची असते. म्हणून सोपा मार्ग असा, की कागद करणारा आणि दोन्ही साक्षीदार अशा तिघांनी ओळखपत्रे घेऊन एकाच वेळी त्यांच्यासमोर जावे आणि तिथेच सह्या कराव्यात.

सातवा : प्रती. पेटीच्या तळाशी, सोनेनाण्याबरोबर ठेवलेला कागद वेळेला सापडत नाही. एक प्रत ज्याचे नाव घातले आहे त्याला द्यावी. नेहमीचे डॉक्टर असतील तर एक त्यांना. एक प्रत स्थानिक संस्थेला, म्हणजे खोपोली किंवा कर्जत शहरात राहणाऱ्याने नगरपरिषदेला, गावच्या माणसाने ग्रामपंचायतीला. हे कागद सांभाळण्यासाठी एक अधिकारी नेमावयाचा, असे न्यायालयाचे सांगणे आहे. असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, आणि त्यानंतर राज्यात अशा नेमणुका होऊ लागल्या. आपल्या कचेरीत हे काम कोणाकडे आहे, ते विचारावे. प्रत दिली की आवक क्रमांक टाकून पोच घ्यावी. खिडकीवरचा कारकून 'असलं काही आमच्याकडे नसतं' म्हणाला, तर हुज्जत न घालता स्पीडपोस्टाने पाठवावी आणि पावती जपून ठेवावी. ज्यांची आरोग्याची नोंद संगणकावर आहे, त्यांना तिथेही हा कागद जोडता येतो.

एवढे झाले की कागद पुरा झाला. शेजारच्या गोव्यात ३१ मे २०२४ रोजी, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा असा कागद केला. तो गोव्यातील पहिला. न्यायदानाला बसणाऱ्या माणसालाही हा कागद करावासा वाटला, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता कोणी भिऊन विचारील, "एवढा कागद लिहून दिला, तर साध्या तापातही मला औषध देणार नाहीत का?" तसे मुळीच नाही. आजार बरा होण्यासारखा नाही, लांबलेला उपचार चालू आहे आणि रोगी स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, या सर्व गोष्टी एकत्र आल्या तरच कागद उघडावयाचा. तो खरा आहे की नाही, हे डॉक्टर पाहतात. मग रुग्णालय पहिले मंडळ नेमते : उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ, ज्यांना पाच वर्षांचा तरी अनुभव आहे. त्यांचा होकार आला, तर दुसरे मंडळ : त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचविलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे ठरले आहे. कागदात ज्यांची नावे आहेत, त्यांची संमती लागते. आणि उपचार थांबविण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयाकडे जाता येते. थोडक्यात, इतक्या फाटकांतून गेल्यावाचून कोणाचेही यंत्र कोणालाही काढता येत नाही. जमिनीसाठी उतावीळ झालेल्या एखाद्याला यातून वाट काढणे सोपे नाही.

मन बदलले तर? केव्हाही बदलावे. शुद्धीवर असेतो कागद रद्द करता येतो किंवा दुरुस्त करता येतो. तो बदलही लेखी आणि त्याच रीतीने करावयाचा. दोन कागद निघाले आणि कोणताच रद्द केलेला नसेल, तर शेवटी सही केलेला खरा मानतात. म्हणून तारीख घालण्यास विसरू नये.

कागद नसलेल्याचे काय? त्याच्यासाठीही हीच दोन मंडळे बसतात. फक्त संमती त्याच्या जवळच्या नातलगांना विचारतात. आणि नातलगांत एकमत नसले, तर आपल्या गोष्टीतल्या भावंडांसारखा पेच पडतो.

आणखी एका कागदाची ओळख करून देतो, कारण तो फार सोपा आहे. मनाच्या आजारासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य काळजी कायदा आहे. तो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. त्या कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी साधा कोरा कागद आणि आपली सही किंवा अंगठा एवढेच लागते. इथे 'अंगठा' हा शब्द कायद्यातच आहे. नेमलेला माणूस सज्ञान असावा, काम करण्यास समर्थ असावा आणि त्याने लेखी होकार द्यावा. ही नेमणूकही केव्हाही बदलता येते. मात्र हा कागद मनाच्या आजारावरील उपचारांपुरताच. पहिल्या कागदाची जागा तो घेत नाही.

ज्यांना लिहावयाचे आहे त्यांच्यासाठी मजकुराचा अंदाज देतो. 'मी, अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीवर असताना व स्वखुशीने लिहून ठेवतो, की मला बरा न होणारा आजार झाला, सुधारण्याची आशा उरली नाही आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसलो, तर मला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवू नये, आणि ठेवले असल्यास ते काढावे. वेदना कमी करणारे उपचार चालू ठेवावेत. अशा वेळी माझ्या वतीने संमती देण्याचा अधिकार माझी मुलगी अमुक हिला, आणि ती नसल्यास माझा मुलगा अमुक याला आहे. याचे परिणाम मला समजले आहेत. हा कागद मी केव्हाही रद्द करू शकतो.' खाली गाव, तारीख, सही. मग दोन साक्षीदार. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कोणते उपचार नकोत हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. सर्व उपचार शेवटपर्यंत हवेत असे ज्याला वाटते, त्याने हा कागद करण्याची सक्ती नाही.

शेवटी एक सांगतो. सह्या, शिक्के, साक्षीदार हे सारे झाले तरी एक काम उरतेच. सणासुदीला सगळी मुले घरी आली म्हणजे जेवणानंतर त्यांना जवळ बसवावे आणि तो कागद आपल्या तोंडाने वाचून दाखवावा. पहिल्यांदा मुले म्हणतील, "बाबा, आज कशाला असलं अभद्र?" म्हणू द्यावे. पण थोरल्याने ऐकलेले धाकट्यानेही ऐकले, लेकीनेही ऐकले, म्हणजे रुग्णालयाच्या दारात 'मला कधीच नाही म्हणाले' असे कोणाला म्हणावे लागणार नाही. तिघांनी मिळून बापाचा हात धरून बसावे, एवढेच काम त्यांच्याकडे राहील.